झाडीत लपलेल्या ओहोळांवर फ्लाय फिशिंग: तीर्थनच्या ब्राऊन ट्राउटची तयारी नाशिकमधून कशी करावी?

वालदेवीकाठ

मंडळी, ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात हिमाचलात तीर्थन खोऱ्यात जायचं जवळपास पक्कं झालंय. मुख्य नदीवर गळवाल्यांची बरीच वर्दळ असते म्हणतात. मला ओढ आहे ती बाजूच्या नाल्यांची. गुशैनीला फ्लाचन येऊन तीर्थनला मिळतो. त्याच्या वरच्या अंगाला आणि तसल्याच आणखी नाल्यांत ब्राऊन ट्राउट आहे. तळ्यात वाढवून आणून सोडलेला नाही, तिथेच अंडी घालून पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला. मासा वीतभर, फार तर हातभर. पाणी चार-पाच पावलं रुंद, दोन्ही काठांची झाडं एकमेकांच्या गळ्यात पडलेली.

माझ्याकडे नऊ फुटी पाच नंबरचा रॉड आहे. गंगापूर धरणाच्या फुगवट्यावर मोकळ्या जागेत तो छान चालतो, लाइन मागे जाऊ द्यायला रान मोकळं असतं. झाडीत मागे लाइन टाकायची सोयच नसेल तर काय करायचं? नवा आखूड रॉड घ्यावा का? आणि निघण्यापूर्वी इगतपुरी-त्र्यंबक पट्ट्यात सराव करण्याजोगं काही आहे का? फ्लाय (पिसं-दोऱ्याचे नकली किडे) कोणत्या न्याव्या हेही सांगा. बाकी "त्यापेक्षा घोटीला जाऊन भातातले खेकडे पकडा" हा सल्ला घरून मिळालेला आहे, तो पुन्हा नको.

बगळेभट

खेकडेच बरे. झाडावर चढत नाहीत. तुमच्या फ्लाय चढणार.

कुलंगवारा

बगळेभटांकडे दुर्लक्ष करा, जरी ते खरं बोलले असले तरी.

रॉडबद्दल सविस्तर लिहितो, कारण दुकानदार इथेच फसवतात. फ्लाय फिशिंगमध्ये आमिषाला वजन नसतं, वजन लाइनला असतं आणि ते वजन रॉडला वाकवतं. रॉड वाकला तरच तो सरळ होताना लाइन पुढे फेकतो. लाइनचा नंबर ठरतो तिच्या पहिल्या तीस फुटांच्या वजनावर. तीन नंबर म्हणजे शंभर ग्रेन, साडेसहा ग्रॅमच्या आसपास. पाच नंबर म्हणजे १४० ग्रेन, नऊ ग्रॅमच्या थोडं वर. आता ओहोळात रॉडच्या टोकाबाहेर लाइन असते किती? आठ-दहा फूट. म्हणजे तीस फुटांचं वजन गृहीत धरून बनवलेल्या रॉडला त्याच्या एक तृतीयांश वजन मिळतं. तो ढिम्म वाकत नाही आणि आपल्याला वाटतं हातच बसला नाही.

यावर दोन उपाय. एक, रॉडवर लिहिलंय त्याहून एक नंबर जड लाइन चढवायची. तीनच्या रॉडवर चारची. दोन, ताठ कार्बनऐवजी फायबर ग्लासचा मऊ रॉड घ्यायचा, तो थोड्या वजनालाही मुठीपर्यंत वाकतो. लांबी साडेसहा ते साडेसात फूट. याहून आखूड घेऊ नका. झाडांत अडकत नाही हे खरं, पण मधल्या वेगवान धारेवरून लाइन उचलून धरायला लांबी लागते आणि ते काम लाइन फेकण्यापेक्षा जास्त वेळा करावं लागतं.

लीडर, म्हणजे लाइनच्या टोकाला जोडलेला बारीक दोरा, सात फुटांच्या आत ठेवा. टिपेट, म्हणजे त्याचा फ्लायकडचा शेवटचा तुकडा, ५ एक्स पुरे. ५ एक्स म्हणजे एक इंचाचे सहा हजारांश, मिलिमीटरमध्ये ०.१५. (अकरातून एक्सचा आकडा वजा करा, जाडी हजारांश इंचात मिळते.) झुडपांत मात्र मी ४ एक्स बांधतो. फांदीतून फ्लाय ओढून काढायला तेवढी जाडी उपयोगी पडते, आणि खळाळत्या पाण्यात माशाला दोरा निरखायला वेळ नसतो.

पाच नंबरचा रॉड आहे तोच न्यायचा असेल तर न्या. जगबुडी होणार नाही.

वालदेवीकाठ

कुलंगवारा, हे वजनाचं गणित मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. धन्यवाद. पण मागे जागा नसताना फेकायचं कसं?

कुलंगवारा

तीन प्रकार शिका, चौथ्याची गरज नाही.

रोल कास्ट: लाइन मागे हवेत जातच नाही. रॉड सावकाश मागे आणायचा, लाइन पाण्यावरून घसरत तुमच्या खांद्याच्या मागे पोट धरते, मग पुढे झटका. पाण्याने लाइन चिकटून धरलेली असते म्हणूनच रॉड वाकतो, त्यामुळे हा अंगणात कोरड्या जमिनीवर शिकता येत नाही. पाणीच हवं.

आडवा कास्ट: रॉड डोक्यावर न नेता कमरेच्या पातळीत जमिनीला समांतर फिरवायचा. फांद्या वर, लाइन खाली. वाकलेल्या झाडाखालच्या सावलीत फ्लाय सरकवायला यासारखं दुसरं काही नाही.

आणि धनुष्य: फ्लाय चिमटीत धरायची, रॉडचं टोक माशाकडे रोखायचं, लाइन दुसऱ्या हाताने रॉडला दाबून ठेवायची आणि फ्लाय मागे ओढून रॉड वाकवायचा. सोडलं की सुटते. पंधरा फूट सहज जाते. यात चिमूट कुठे धरायची हे महत्त्वाचं. गळाचा बाक धरायचा, टोक चिमटीच्या बाहेर. नाहीतर पहिला मासा आपण स्वतः.

कारवी

मी फ्लायवाली नाही, पण घोटीकडच्या माझ्या मामाचं ऐका. मामाकडे कळकाची काठी आहे, टोकाला करंगळीहून बारीक. रीळ नाही, काही नाही. काठीएवढीच तंगूस टोकाला बांधलेली आणि तिला गळ. पावसानंतर पाणी निवळलं की वरच्या ओहोळांना जातो. तो गळ फेकतच नाही. कारवीच्या आडून गुडघ्यांवर सरकत जातो, शेवटचे काही हात तर पोटावर, आणि काठी झुडपातून हळू पुढे सारतो. मग टोक खाली. गळ पाण्याला टेकतो तेव्हा वरून किडा पडावा तसा टेकतो. मामाची सावली पाण्यावर पडलेली मी कधी पाहिली नाही. सकाळी पूर्वेकडून जात नाही, संध्याकाळी पश्चिमेकडून जात नाही, इतकं सरळ आहे. आम्ही पोरं मागून बोललो की मामा वळून बघायचा, शिवी द्यायचा नाही, पण आम्ही गप्प व्हायचो.

तुम्ही एवढे ग्रेन आणि एक्स मोजता, मला प्रश्न पडला की लांबून फेकायचंच कशाला?

कुलंगवारा

कारवीताई, लाख बोललात. जपानमधल्या डोंगरी ओढ्यांवर तेन्कारा म्हणून प्रकार आहे तो हाच. लांब लवचीक काठी, टोकाला बांधलेली दोरी, रीळ नाही, एक फ्लाय. आता त्या काठ्या घडीच्या येतात, बंद केल्या की हातभर. झाडीच्या ओहोळासाठी तेन्काराची आखूड काठी हा वालदेवीकाठ यांच्यासाठी खरोखरच चांगला पर्याय आहे. फक्त मासा मोठा निघाला तर सोडायला जादा लाइन नसते, पळत जावं लागतं.

फळा-खडू

लांबून की जवळून यावर थोडं भौतिकशास्त्र. मी शाळेत शिकवतो, सवय जात नाही, सहन करा.

पाण्याखालून वर पाहणाऱ्या माशाला बाहेरचं सगळं जग, म्हणजे या क्षितिजापासून त्या क्षितिजापर्यंतचं १८० अंशांचं, साधारण ९७ अंशांच्या शंकूत कोंबलेलं दिसतं. प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो त्याचा हा परिणाम. पृष्ठभागावर या शंकूचं एक गोल भोक होतं. त्याचा व्यास माशाच्या खोलीच्या सव्वादोन पट. एक फूट खोल असलेल्या माशाचं भोक सव्वादोन फुटांचं. त्या भोकाबाहेर पाण्याचा पृष्ठभाग खालून आरशासारखा दिसतो, त्यात तळ दिसतो. भोकाबाहेर पडलेली फ्लाय माशाला दिसत नाही, फक्त तिचे पाय आरशाला जिथे टेकतात तिथले चमकते ठिपके दिसतात.

आता तुमच्या कामाचा भाग. क्षितिजाजवळचं सगळं त्या भोकाच्या कडेला इतकं चेपलं जातं की पाण्याच्या पातळीपासून दहा अंशांच्या खालची वस्तू माशाला जवळपास दिसत नाही. करा हिशोब. तीस फुटांवर दहा अंश म्हणजे सव्वापाच फूट. म्हणजे तीस फुटांवर किंचित वाकलेला माणूस सुरक्षित. पंधरा फुटांवर हीच उंची अडीच फुटांवर येते, तिथे गुडघे टेकायलाच हवेत. आठ फुटांवर दीड फूट सुद्धा नाही. कारवीताईंचे मामा शेवटी पोटावर जातात ते यामुळे.

हे सगळं सपाट पाण्याला लागू. पृष्ठभाग खळाळत असेल तर ते भोक सतत फुटत असतं, तिथे तुम्ही उभे राहून दहा फुटांवर गेलात तरी चालतं. म्हणून कुठे जवळ जायचं आणि कुठे लांब राहायचं हे पाणी ठरवतं.

वालदेवीकाठ

मास्तर, हे छापून भिंतीवर लावतो. म्हणजे खळाळात जवळ, डोहात लांब.

कुलंगवारा

आणि नेहमी खालून वर. मासा तोंड धारेकडे करून उभा असतो, खाणं वरून वाहत येतं म्हणून. तुम्ही खालून गेलात की त्याच्या पाठीमागे असता. डोहाला पोचलात की आधी डोहाची शेपूट बघा, जिथे पाणी उथळ होऊन पुढच्या खळाळात उतरतं. तिथे बहुतेकदा एखादा छोटा उभा असतो. त्याला न जुमानता पुढे गेलात तर तो बाणासारखा वर पळतो आणि वरच्या मोठ्याला बातमी देतो. मोठा ब्राऊन पाण्याने खाली पोखरलेल्या काठाच्या पोटात, झाडाच्या मुळांत, किंवा डोहाच्या तोंडाशी फेसाच्या कडेला. खडकाच्या मागे मासा असतो हे सगळ्यांना माहीत असतं. खडकाच्या पुढेही पाण्याची एक मऊ उशी तयार होते, तिथे बघायला लोक विसरतात.

एका जागी दोन-तीनदाच टाका. पहिल्यांदा फ्लाय बरोबर वाहिली तर तो पहिल्यांदाच घेतो. बरोबर वाहिली म्हणजे शेजारच्या फेसाच्या बुडबुड्याच्याच वेगाने. लाइन वेगळ्या धारेवर पडली की ती फ्लायला ओढते, पाण्यावर व्हीसारखी रेघ उठते आणि मासा परत खाली जातो. यासाठीच रॉड उंच धरून लाइन पाण्यावरून उचलायची.

तर्रीबाज

एक भाबडा प्रश्न. एवढं हिमाचलला जायचं, त्यापेक्षा भंडारदऱ्याच्या वर, कळसूबाईच्या पायथ्याला थंड पाण्याचे ओढे आहेत. तिथे ट्राउटची पिल्लं आणून सोडली तर? इंग्रजांनी काश्मीरात सोडलेच ना? पर्यटन वाढेल, आदिवासी पोरांना काम मिळेल.

ओलेपाय

प्रश्न भाबडा नाही, तो दर दोन वर्षांनी कुठेतरी निघतोच. म्हणून नीट उत्तर देते. माझं शिक्षण गोड्या पाण्यातल्या माशांवरचं आहे.

आधी इतिहास. काश्मीरात १८९९ मध्ये ब्राऊन ट्राउटच्या अंड्यांची पहिली खेप आली ती वाटेतच मेली. १९०० मध्ये स्कॉटलंडहून दुसरी आली, ती टिकली. तिथून १९०९ मध्ये कुल्लू खोऱ्यात ट्राउट आणला गेला आणि पुढे बियासच्या उपनद्यांत, तीर्थन धरून, पसरला. निलगिरीत १८६३ पासूनच खटपट चालू होती, तिथे ब्राऊन काही जमला नाही, शेवटी रेनबो ट्राउट टिकला. निलगिरीची पठारं दोन हजार मीटरच्या आसपास किंवा वर आहेत.

आता आपलं. कळसूबाई १६४६ मीटर, आणि ते शिखर आहे. ओढे त्याच्या बरेच खाली. ब्राऊन ट्राउटला १२ ते १६ अंशांचं पाणी मानवतं. विसाच्या पुढे तो खाणं टाकतो, पंचविशीच्या आसपास जगणं मुश्किल. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो, आणि नेमकी त्याच वेळी माशाची गरज वाढलेली असते. आपले बहुतेक वरचे ओहोळ उन्हाळ्यात एकतर आटतात किंवा डबकी होऊन तापतात. पिल्लं सोडली तर मे महिना बघणार नाहीत. शिवाय तो सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तिथे बाहेरचा जीव सोडणं हा गुन्हा आहे.

आणि समजा जगले, तर ते जास्त वाईट. जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी परक्या जीवांच्या यादीत ब्राऊन ट्राउटचं नाव आहे. तो छोटे मासे, बेडकांची पिल्लं, सगळं खातो. घरचं उदाहरण हवं असेल तर आपलाच महासीर घ्या. लोणावळ्याला वाढवलेली निळसर पंखांच्या महासीरची पिल्लं कावेरीत सोडली गेली, ती तिथे इतकी फोफावली की कावेरीचा स्वतःचा कुबडा महासीर मागे पडला. २०१८ मध्ये त्या कुबड्याचं शास्त्रीय नाव पक्कं झालं, टॉर रेमादेवी, आणि त्याच वर्षी तो अतिधोक्यातल्या जातींत गेला. महासीरनेच महासीरला हटवलं. चांगल्या हेतूने.

तर्रीबाज

पटलं. मग हिमाचलातही तो परकाच की. तिथे जाऊन कौतुकाने पकडायचा आणि सोडायचा?

ओलेपाय

परकाच आहे. हिमालयातला असेला, ज्याला लोक स्नो ट्राउट म्हणतात, तो खरा तिथला. तो ट्राउटच्या कुळातला नाही, आपल्या रोहू-कटल्याच्या नात्यातला आहे. त्याच्यावर ब्राऊनचा काय परिणाम झाला हा गंभीर विषय आहे. पण शंभर वर्षांनी आता तिथला मत्स्य विभाग ब्राऊनचं संरक्षण करतो, नियम त्याच्यासाठी आहेत, ते पाळावे लागतील.

बगळेभट

आता माझा भाबडा प्रश्न. तीस तास प्रवास करून मासा पकडायचा आणि सोडून द्यायचा. त्या माशाचा काय नवस असतो का? आमच्या आजोळी पकडलेला मासा फक्त एकाच ठिकाणी सोडायचे, उकळत्या कालवणात.

कारवी

बगळेभट, मामा पण खातो. पण चढणीचे मासे खात नाही. पहिल्या पावसात अंडी घालायला वर चढणाऱ्या माशांवर गावातले बरेच जण तुटून पडतात, भाताच्या खाचरात टोपल्या लावतात. मामा म्हणतो पोटुशी बाई रस्त्याने चालली तर वाट द्यायची. त्याला कुणी कॅच अँड रिलीज शिकवलेलं नाही.

आणि खाणाऱ्यांपेक्षा जास्त नास जिलेटीन टाकणारे करतात. एका स्फोटात डोह रिकामा, वर येतो त्याच्या कितीतरी पट बुडाशी मरून पडतो. करंट लावणारे आता निघालेत, ते वेगळेच.

ओलेपाय

स्फोटकं आणि विष टाकून मासे मारण्यावर १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून बंदी आहे. म्हणजे सव्वाशे वर्षांहून जास्त. अंमलबजावणीबद्दल न बोललेलं बरं.

सोडणार असाल तर नीट सोडा. गळाच्या टोकामागचा उलटा काटा चिमट्याने आधीच दाबून टाका, मग तो एका हलक्या वळणात निघतो. हात ओले करूनच मासा धरा. त्याच्या अंगावरचा चिकट थर हाच त्याचा जंतूंविरुद्धचा अंगरखा आहे, कोरड्या तळव्याला तो सोलून निघतो. फोटो घ्यायचाच तर मासा पाण्यात ठेवूनच तयारी करा, उचला, टिपा, खाली. वाळूत ठेवून शेजारी रॉड मांडून फोटो काढणारे बघितले की डोकं फिरतं.

ओळखायचा कसा तेही सांगते, कारण तिथल्या मत्स्यकेंद्रांतून निसटलेले रेनबोही नदीत भेटतात. ब्राऊनच्या अंगावर काळ्यांबरोबर लाल ठिपके असतात आणि ठिपक्यांभोवती फिकट कडं. शेपटीवर ठिपके जवळपास नाहीत. रेनबोच्या शेपटीभर ठिपके आणि कुशीवर गुलाबी पट्टा.

वालदेवीकाठ

चर्चा कुठल्या कुठे गेली, पण मजा येतेय. सरावाच्या जागेचा प्रश्न अजून तसाच आहे हो.

कुलंगवारा

दारणा उगम पावते कुलंगच्या अंगाला. तिला मिळणारे भावलीच्या वरचे ओहोळ सप्टेंबरच्या शेवटाला निवळायला लागतात आणि तिथे तुम्हाला हवी ती सगळी अडचण मिळेल. कारवी, घाणेरी, निर्गुडी, वरून उंबराच्या फांद्या. तिथे बॅरिलियस नावाची मासळी आहे. बोटभर ते वीतभर, चांदीसारखी, कुशीवर निळसर उभे पट्टे. इंग्रज शिकारी बॅरिलियसला हिल ट्राउट म्हणायचे. ट्राउटशी नातं काही नाही, पण वागणं थेट तसं. धारेत तोंड वर करून उभी, पाण्यावर पडलेला किडा वर येऊन टिपते आणि सावली पडली की नाहीशी. १८ किंवा २० नंबरच्या गळावरची बारीक ड्राय फ्लाय, म्हणजे पाण्यावर तरंगणारी, घ्या. तिला फसवता आलं तर तीर्थनच्या ब्राऊनसाठी तुमचा हात आणि गुडघे दोन्ही तयार झाले. मळ्या दिसेल, दगडाला चिकटून शेवाळ खरवडत असतो, त्याच्यामागे लागू नका, तो फ्लायकडे ढुंकून बघत नाही.

धरणाच्या पाण्यात उतरू नका. धरणांतल्या मासेमारीचा हक्क सहसा मच्छीमार संस्थांकडे असतो, विचारल्याशिवाय रॉड काढला की वाद. वरच्या ओहोळालाही गावात विचारून जावं. चहा मिळतो.

सर्पसखा

सराव करणाऱ्यांनो, कारवीत गुडघ्यांवर रांगण्याचा सल्ला सगळे देताहेत म्हणून लिहितोय. फुरसं. वीत-दीड वीत लांबीचं, पाचोळ्याच्या रंगाचं, आणि पाय वाजले तरी हलत नाही, बसल्या जागी खवले घासून खरखर करतं. ती खरखर ऐकली की थांबा आणि मागे या. हात टेकण्याआधी काठीने पाचोळा सारा. गमबूट घाला. चावलंच तर बांधाबांधी, चिरा देणं, चोखणं काही करू नका. हातपाय स्थिर ठेवून सरळ सरकारी दवाखाना गाठा, सर्पदंशाची लस तिथे असते.

पावसाळ्यानंतर खाजकुइरीच्या शेंगा वाळायला लागतात, त्यांची लव उडून अंगावर बसली की मासे विसराल. हिमाचलात त्याची भरपाई बिच्छू बूटी करते, ती प्रत्येक नाल्याच्या काठाला असते. पूर्ण बाह्यांचा शर्ट दोन्हीकडे चालतो.

येवल्याची_सुई

फ्लायबद्दल कुणी बोलेना म्हणून शेवटी मी. मी त्या घरीच बांधते. महागडं साहित्य मागवायची गरज नाही.

येवल्यात पैठणीच्या मागाखाली रेशमाची तुकडे-तुकडे टोकं पडलेली असतात. विणकराकडून मागून आणा, आनंदाने देतात. एका पदराचं रेशीम गळावर गुंडाळलं तर बारीक आणि सपाट बसतं. ओलं झालं की एक-दोन छटा गडद होतं, म्हणून रंग निवडताना दोरा पाण्यात बुडवून बघायचा. जरीची एक तार अंगावर तिरपी फिरवली की किड्याच्या पोटाच्या वळ्या तयार. गावठी कोंबड्याच्या मानेवरची लांब, टोकदार, चकचकीत पिसं मागून ठेवा. ड्राय फ्लायला तरंगवतात ती हीच. बॉयलर कोंबडीची पिसं पाणी पितात, कामाची नाहीत.

सर्वांत सोपी आणि सर्वांत उपयोगी म्हणजे फेझंट टेल निंफ. निंफ म्हणजे पाण्याखाली वाहणारी फ्लाय. इंग्लंडमध्ये एव्हन नदीवर काम करणाऱ्या फ्रँक सॉयरची. त्यात बांधायला दोराच नाही, बारीक तांब्याची तार हीच दोरा आणि हीच वजन. तार जुन्या जळालेल्या मोटरच्या वाइंडिंगमधून मिळते, रिवाइंडिंगवाल्याकडे भंगारात असते. वर पिसाचे तपकिरी धागे त्याच तारेबरोबर वळून गुंडाळायचे, छातीशी दोन-तीन घड्या घालून फुगवटा करायचा. फेझंटच्या शेपटीचं पीस आपल्याकडे कुठलं. मी गावठी कोंबड्याचं तपकिरी शेपटीचं पीस वापरते, माशाने अजून तक्रार केलेली नाही.

तीर्थनला नेण्यासाठी: १४ आणि १६ नंबरच्या ॲडम्स, तेवढ्याच एल्क हेअर कॅडिस, आणि निंफ भरपूर. ॲडम्स १९२२ मध्ये अमेरिकेत मिशिगनला पहिल्यांदा बांधली गेली. करडी-तपकिरी, कुठल्याच एका किड्याची हुबेहूब नक्कल नाही, म्हणून बऱ्याच किड्यांच्या जागी चालते. झाडीतल्या ओहोळात मासा चोखंदळ नसतो. तिथे खाणं तुटपुंजं, समोरून गेलं ते घ्यायचं की नाही हे त्याला क्षणात ठरवावं लागतं. म्हणून अंधारातही आपल्याला दिसेल अशी, डोक्यावर पांढऱ्या केसांचा शेंडा असलेली फ्लाय बांधा. माशाला काय दिसतं यापेक्षा आपल्याला फ्लाय दिसते का हा तिथला प्रश्न आहे.

कुलंगवारा

शेंड्याला अनुमोदन. फक्त एक भर: वाकलेल्या झाडांखाली सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मुंग्या, नाकतोडे, भुंगे पाण्यात पडत असतात. काळ्या फोमचा एक छोटा मुंगळा डबीत असू द्या. पाण्यातले किडे कमी झाले की तोच चालतो.

फळा-खडू

येवल्याची सुई, ओल्या रेशमाचा रंग गडद होण्याचं कारण सांगू का?

येवल्याची_सुई

नको मास्तर.

डोंगरबस

मी दोनदा त्या खोऱ्यात जाऊन आलोय, म्हणून व्यवहाराचं. नाशिक रोडवरून दिल्ली, दिल्लीहून मनालीची बस, आणि औटला बोगद्याच्या आधी उतरायचं. झोपून राहिलात तर कुल्लूला जाग येते. औटहून बंजार, तिथून गुशैनी.

परवाना मत्स्य विभागाचा, दिवसागणिक मिळतो. होमस्टेवाले मदत करतात, पण परवाना आपल्या खिशात असू द्या. १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउटची मासेमारी बंद असते, कारण ब्राऊन थंडीत खडी उकरून त्यात अंडी घालतो. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा म्हणजे वेळ बरोबर साधलीत. पावसाचं गढूळ पाणी उतरलेलं असतं. मे-जूनमध्ये बर्फ वितळून नद्या फुगतात, तेव्हा लहान नाल्यांत पाय टिकत नाही.

आणखी एक. ऑक्टोबरअखेरीकडे उथळ खडीत स्वच्छ धुतल्यासारखा, आजूबाजूपेक्षा फिकट पट्टा दिसला तर तिथून चालू नका. ती अंड्यांची जागा असू शकते. काठाने वळसा घाला.

ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत शिरायला वेगळी परवानगी लागते. कुठला नाला हद्दीच्या आत आणि कुठला बाहेर हे गुशैनीतच विचारा, नकाशावर विसंबू नका.

वालदेवीकाठ

डोंगरबस, मनःपूर्वक आभार. तर ठरलं असं: पाच नंबरचा रॉड घरी, फायबर ग्लासचा सात फुटी तीन नंबर एका मित्राकडून उसना मिळतोय, त्यावर चारची लाइन. येत्या रविवारी भावलीच्या वर सराव. गमबूट घेतले. कारवीताई, मामा येतील का हो दाखवायला?

कारवी

विचारलं. म्हणाला येईन, पण माणसं दोनाच्या वर नकोत आणि एकानेही पांढरा शर्ट घालायचा नाही.

बगळेभट

मी आलो तर तिसरा होतो. खरकटी भांडी घासायला तरी घ्या.

वालदेवीकाठ

तुम्ही गाडीपाशी थांबा, भाकऱ्या सांभाळा. येवल्याची सुई, रिवाइंडिंगवाला विचारतोय तार किती गेजची हवी. काय सांगू?

येवल्याची_सुई

गेज सांगू नका, त्याला वाटेल मोटर भरायचीय. छतावरच्या पंख्याची जळालेली वाइंडिंग माग म्हणावं, त्यातली सर्वांत बारीक. केसाहून थोडी जाड, बोटाने ओढली तर तुटणार नाही अशी. वरचा लाखेचा थर राहू दे, त्याचाच तो लालसर रंग हवाय.